बुश गेलेत

नगरमध्ये ज्या थोड्या जुन्या फियाट अजून रस्त्यावर येतात, त्यांचं एक ठरलेलं दुखणं असतं. दुसरा गिअर टाकायला जावं तर चौथा पडतो. न्यूट्रलमध्ये दांडा इतका मोकळा हलतो की खाली काही जोडलेलंच नाही असं वाटावं. मेकॅनिक बॉनेट उघडत नाही, दांडा दोन बोटांनी हलवतो आणि म्हणतो, "बुश गेलेत." आमच्या दारातली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, इथवर आली तेव्हा काम घरीच करायचं ठरलं. त्या कामाला लागलेल्या वस्तू, माणसं आणि सवयी, आणि त्यांच्या मागोमाग आठवलेल्या जिल्ह्यातल्या आणखी काही, यांची ही यादी. यातलं बरंचसं आता शोधावं लागतं. काही शोधूनही मिळत नाही.

स्टिअरिंगवरचा दांडा

जमिनीतून वर आलेला नव्हे, स्टिअरिंगच्या खांबाला बाजूने फुटलेला. हल्लीची मुलं त्याला वायपरचा दांडा समजतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी गाड्यांनी गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून खांबावर नेला, आणि पुढे आपल्याकडच्या फियाट आणि ॲम्बॅसिडर या दोन्ही गाड्यांना तो तसाच आला. फियाटचे चार गिअर आणि रिव्हर्स त्याच्या दोन हालचालींत बसवलेले असतात. आत-बाहेर केलं की गिअरची जोडी निवडली जाते, वर-खाली केलं की त्या जोडीतला एक बसतो. हातापासून गिअरबॉक्सपर्यंतची वाट लांब आणि वाकडी. खांबालगत उतरणारा दांडा, त्याच्या पायथ्याशी छोटे लोखंडी हात, त्यांना जोडलेल्या सळ्या, मग पुन्हा हात. जिथे वाट वळते तिथे सांधा, आणि जिथे सांधा तिथे झीज. शेवटच्या वर्षांत पद्मिनीनेही दांडा जमिनीवर आणला. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी निघणं २०००च्या सुमारास थांबलं.

पुढचं सलग सीट

दांडा वर गेला तो यासाठी. पुढे एकसंध बाकडं, त्यावर ड्रायव्हर धरून तिघं, आणि मधल्याच्या गुडघ्याला काही लागत नाही. मोहटादेवीला किंवा शिर्डीला निघालेल्या कुटुंबात पुढे कोण बसणार यावर भांडण होत नसे, कारण पुढेही तिघं मावत. मधल्याला पट्टा लावायची सोय नसलेलं हे सीट आजच्या कुठल्याच नियमात बसत नाही. ते गेलं तेव्हा खांबावरच्या दांड्याचं कारणही गेलं.

बुश

एक छोटी नळी. बाहेरून ती लोखंडी हाताच्या भोकात घट्ट बसते, आतून पिन तिच्यात फिरते. लोखंडावर लोखंड घासलं तर दोन्ही जातात, म्हणून मधे मऊ धातूची किंवा नायलॉनची ही नळी घालून झिजायचं काम तिच्याकडे दिलं. सळी, हात, गिअरबॉक्सच्या आतला फोर्क असे महागाचे भाग वाचावेत म्हणून सगळ्यांत स्वस्त भागाने आधी जायचं. जाताना ती पुरेशी आधी सांगते. प्रथम दांडा सैल, मग खडखड, मग चुकीचा गिअर. पहिल्या खुणेला बदलली तर पुढचं काहीच बदलावं लागत नाही. खाली येणारं सगळं या एका व्यवस्थेभोवती उभं होतं: लवकर झिजणारी स्वस्त वस्तू, ती ओळखणारं कोणीतरी, आणि ती नव्याने करून देणारं कोणीतरी.

प्ले

सांध्यातल्या सैलपणाला गॅरेजमध्ये हाच शब्द आहे. त्याचं गणित सोपं आणि निर्दय आहे. समजा, एकेका सांध्यात अर्धा मिलिमीटर झीज झाली आणि सांधे ५ आहेत. एकामागे एक असल्यामुळे झीज बेरजेने पुढे सरकते: २.५ मिलिमीटर. मुठीपासूनचा दांडा खालच्या छोट्या हाताच्या ६ पट लांब धरला, तर मुठीपाशी तोच प्ले १५ मिलिमीटर होतो. तेवढ्यात शेजारची जोडी लागते. म्हणून सगळ्यांत खराब दिसणारा एकच बुश बदलून भागत नाही. उरलेले चार आपापला वाटा देतच राहतात. झीज गोलही नसते. जोर नेहमी एकाच रेषेत पडतो, त्यामुळे भोक लांबट होतं. काही जुने मेकॅनिक असा बुश काढून, पाव वळसा फिरवून परत ठोकत. गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे औषध.

बॉनेट उघडून उभा ड्रायव्हर

प्ले हाताबाहेर गेला की दांडा दोन जोड्यांच्या मधे अडकतो. लोक म्हणत, "दोन गिअर एकदम पडले." गाडी पुढे नाही, मागे नाही. मग ड्रायव्हर उतरायचा, बॉनेट उघडायचा, खांबाच्या पायथ्याशी हात घालून ते छोटे हात मूळ जागी ओढायचा, फडक्याला हात पुसायचा आणि निघायचा. माळीवाड्याच्या किंवा दिल्ली गेटच्या गर्दीतही हे चाले. मागच्या गाडीवाल्याला काय चाललंय ते समजत असे, कारण त्याच्याही गाडीचं तसं कधीतरी झालेलं असायचं. आज भर चौकात कोणी बॉनेट उघडलं तर टोइंगवाल्याला फोन जातो.

दोन मापांचे पाने

फियाट इटलीची, तिला मिलिमीटरचे पाने. ॲम्बॅसिडर विलायती घराण्यातली, जीप अमेरिकी, दोघींना इंचाचे. १३ नंबर आणि अर्धा इंच यांत फरक एवढा थोडा की चुकीचा पाना बसतो, आणि नटाच्या कडा खाऊन मग सटकतो. जुन्या गॅरेजात दोन्ही संच वेगवेगळ्या खिळ्यांना टांगलेले असत, आणि पोऱ्याला पहिला धडा हाच मिळे. इंचाचा संच आता हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर दुकानदार पोटमाळ्याकडे बघतो.

निळं रॉकेल

सुट्या भागांवरचं वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस उतरवायला परातभर रॉकेल आणि दात झिजलेला ब्रश पुरायचा. रेशनचं रॉकेल निळं असे, ते काळ्या बाजारात ओळखू यावं म्हणून रंगवलेलं. गॅरेजमधल्या परातीत ते पहिल्या पाच मिनिटांत काळं व्हायचं आणि मग निळं असल्याचा पुरावा उरत नसे. घरोघरी गॅस आला, रेशनवरचा कोटा आटत गेला. आता डिझेलमध्ये धुतात. डिझेलचा ओशटपणा मागे राहतो, भाग कोरडा व्हायला वेळ लागतो. पेट्रोलमध्ये धुऊ नये. आग हे एक कारण, आणि हातांची कातडी फाटते हे दुसरं.

नेलपॉलिशची खूण

जोडणी सोडवण्याआधी कुठला हात कुठल्या कोनात होता आणि सळीचे किती आटे नटाबाहेर होते हे टिपावं लागतं. त्यासाठी नेलपॉलिशइतकं सोयीचं काही नाही. तेल लागलं तरी पुसत नाही. ही युक्ती अजून जिवंत आहे. घरातून बाटली नाहीशी होते तेवढंच.

स्प्लिट पिन

पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकातून ओवून दोन पाय उलटे वाकवलेली तार. एकदा सरळ केली की ती टाकून द्यायची, पुन्हा वाकवली तर पाय मोडतो. पूर्वी किराणा दुकानातल्या खिळ्यांसारख्या या पिना वजनावर मिळत. आता पाकिटात मिळतात, आणि पाकिटात हवं ते माप सोडून बाकी सगळी असतात.

नमुना

पार्टचा नंबर कोणी सांगत नसे. जुना बुश कागदात गुंडाळून दुकानात न्यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "असा द्या." दुकानदार तो बोटात फिरवून बघे, करंगळी आत घालून बघे आणि मागच्या खणातून डबा काढी. झिजलेल्या नमुन्यावरून मूळ माप ओळखणं हे त्याचं कसब. नवा आणि जुना शेजारी ठेवून उंची जुळवली की व्यवहार पुरा. आज काउंटरवर संगणक आहे. तो गाडीचं मॉडेल विचारतो, आणि पद्मिनी त्याच्या यादीत नाही.

पत्र्याचा डबा

अशा दुकानांत कधीतरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघतो. त्यात कोणाच्या तरी न नेलेल्या ऑर्डरचे बुश, सर्क्लिप, रबराचे वायसर, एकत्र. ही खरी खाण. मालक डबा विकत नाही, त्यातली वस्तू विकतो, आणि किंमत तिथल्या तिथे ठरवतो.

मुंबईची टॅक्सी

नगरमधल्या घरगुती फियाटला सुटे भाग मिळत राहिले त्याचं श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला जातं. तिथे हजारो पद्मिनी दिवसरात्र गिअर बदलत होत्या, त्यामुळे बुश बनवणं परवडत होतं. ऑपेरा हाऊसच्या बाजारातून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून माल नगरला येई. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा लागली. नोंद झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मधली होती; तिची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी टॅक्सीच्या आठवणी छापल्या. बुश बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक गेलं, याची बातमी झाली नाही.

गनमेटलची कांडी

तयार बुश मिळत नसेल तर घडवायचा. त्यासाठी पितळापेक्षा गनमेटल बरं: मुख्यतः तांबं, त्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील आणि थोडं जस्त. ग्रीस धरून ठेवतं, पिनेला खात नाही. नगरला तांबं-कथिलाची ओळख जुनी आहे. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूख-ए-मैदान तोफ १५४९मध्ये निजामशाहीत इथे नगरला ओतली गेली, तीही याच दोन धातूंच्या मिश्रणाची. आता बोटभर कांडी हवी असेल तर धातूवाला कमीत कमी किती किलो घ्यायचं ते आधी सांगतो.

लेथवाला

एमआयडीसीतल्या किंवा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उमर काढून निवृत्त झालेला टर्नर. घराच्या पुढच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ. तो नमुना घेतो, व्हर्नियर लावतो, आणि लावल्यावरही विचारतो, "पिन आणली का?" कारण बुशचं आतलं माप झिजलेल्या बुशवरून मिळत नाही, पिनेवरून मिळतं. पिनही झिजलेली असेल तर तिच्यावर वेल्डिंगचा भराव घालून ती पुन्हा गोल करायची, मग बुश. बाहेरचं माप भोकापेक्षा नखभर जास्त, म्हणजे दाबूनच बसेल. आतलं माप पिनेपेक्षा किंचित जास्त, म्हणजे फिरेल पण हलणार नाही. दाबून बसवल्यावर बुश आकसतो, हे धरून आतलं माप आधीच थोडं सैल ठेवायचं. हे आकडे त्याच्याकडे कागदावर नसतात.

संगणकावर चालणारी यंत्रं असलेले कारखाने नगरला पुष्कळ आहेत. ते ड्रॉइंग मागतात आणि नग किती ते विचारतात. ५ नग म्हटल्यावर संभाषण संपतं. त्यांचंही चूक नाही. यंत्रावर माप चढवायलाच जो वेळ लागतो त्यात लेथवाल्याचे पाचही बुश होतात. फरक इतकाच की लेथवाल्याची मुलं लेथवर बसत नाहीत.

नायलॉनचा बुश

स्वस्त पर्याय. ग्रीस लागत नाही, आवाज करत नाही. पण इंजिनाजवळच्या उष्णतेत तो मऊ पडतो आणि हवेतलं पाणी शोषून किंचित फुगतो. खांबाच्या वरच्या टोकाला, जिथे उष्णता नाही, तिथे चांगला. खाली गनमेटलच.

व्हाइस आणि दोन सॉकेट

घरी बुश बसवण्याची सगळी सामग्री. एक मोठं सॉकेट, ज्यात जुना बुश बाहेर निघून पडेल; एक छोटं, जे त्याला मागून ढकलेल; मधे लोखंडी हात; आणि हे सगळं व्हाइसच्या जबड्यात. हळूहळू आवळलं की जुना निघतो. नवा तसाच आत जातो, फक्त सरळ धरावा लागतो. हातोडीने ठोकला तर कड मुडपते आणि आतलं भोक तिरकं होतं. काम सुरू करण्याआधी चाकांना दगड लावावेत, कारण जोडणी सुटल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून थांबवता येत नाही आणि जुन्या गाडीचा हँडब्रेक हा श्रद्धेचा विषय असतो. व्हाइस पूर्वी शेजारीपाजारी कोणाकडे तरी असे. कारखान्यातून आलेला माणूस संध्याकाळी घरी काहीतरी घडवत बसे. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, आणि सदनिकेच्या गॅलरीत व्हाइस बसवायला सोसायटीची परवानगी लागते.

सेटिंग

सगळं जोडल्यावर दांडा न्यूट्रलमध्ये धरायचा, गिअरबॉक्सचे हातही न्यूट्रलमध्ये आणायचे, आणि मग सळीची लांबी अशी ठेवायची की दोन्हींपैकी कोणालाही न ओढता ती आपसूक बसेल. लॉकनट आवळताना सळी फिरता कामा नये. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून प्रत्येक गिअर दोनदा. रिव्हर्स शेवटी. या कामाला दोन माणसं लागतात: एक सीटवर, एक बॉनेटखाली. "टाक." "पडला." "काढ." "निघाला." एवढाच संवाद, तासभर. घरातल्या शाळकरी मुलाला मोटार कळायला लागे ती या तासात.

पहिला गिअर

फियाटच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश होता, पहिल्याला नव्हता. त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, असं शिकवणारा सांगे. घाटात टाकावाच लागला तर डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच, मग गिअर. इंजिन आणि चाकं यांचा वेग कानाने जुळवायचा. बुश घट्ट असतील तर हाताला तो क्षण कळतो. सैल असतील तर कळेपर्यंत दात घासलेले असतात.

घाटातला आवाज

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्यामध्ये धावली. त्यानंतर कित्येक वर्षं करंजी घाटाच्या किंवा इमामपूर घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला अंथरुणातून कळे, की गाडी कितव्या गिअरला आहे आणि ड्रायव्हर नवा आहे की मुरलेला. दोन गिअरच्या मधली शांतता किती लांबते यावरून. आता रस्ते रुंद झाले, गाड्यांचे आवाज दबले, आणि नव्या विजेच्या बसला गिअर बदलायचाच नसतो.

लिलावातली जीप

नगर लष्करी शहर. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा इथे, यांत्रिकी पायदळाचं केंद्र इथे. लष्कराने काढून टाकलेल्या जीप लिलावातून बाहेर पडत आणि भिंगारच्या, केडगावच्या गॅरेजांत नव्याने उभ्या राहत. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे, एक चारही चाकांना ओढ देणारा, एक वेग कमी करून ताकद वाढवणारा. तिन्ही दांडे जमिनीतून सरळ गिअरबॉक्समध्ये उतरत असल्याने फियाटसारखी लांब वाट नाही. झिजतं ते दांड्याच्या टोकाचं बोंडुक आणि वरची स्प्रिंग. झाकणाचे बोल्ट काढले की सगळं समोर. या जीपवर हात बसलेला मेकॅनिक कुठल्याही गाडीला घाबरत नसे. याच शहराबाहेर व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेच्या चाचणी-मार्गांवर नव्या वाहनांना मुद्दाम झिजवून पाहतात. झीज कुठे येते ते आधी कळावं म्हणून.

कारखान्याची ॲम्बॅसिडर

१९५०मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि मग जिल्हाभर कारखाने आले. प्रत्येकाच्या दारात पांढरी ॲम्बॅसिडर. तिच्या खांबावरच्या दांड्याचे बुश गॅरेजमध्ये जातच नसत. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ होता, टर्नर होता आणि गनमेटल तर होतंच, कारण ऊस पिळणाऱ्या रुळांच्या बेअरिंगही त्याच धातूच्या. तिथेही तोच हिशेब: रूळ महाग, म्हणून बेअरिंगने झिजायचं, आणि गळीत संपल्यावर उन्हाळ्यात ती बदलायची. एखाद्या मोठ्या बेअरिंगच्या तुकड्यातून अध्यक्षांच्या गाडीचा बुश निघे. ॲम्बॅसिडर बनवणाऱ्या उत्तरपाड्याच्या कारखान्याने मे २०१४मध्ये काम थांबवलं. अध्यक्षांच्या दारात तोवर दुसऱ्याच गाड्या आल्या होत्या, ज्यांची सर्व्हिस शोरूममध्येच होते.

लुना

या यादीत लुना बसत नाही, कारण तिला गिअरच नव्हता. पण नगरची यादी तिच्यावाचून होत नाही. फिरोदिया घराणं नगरचं; हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२मध्ये ५० सीसीची लुना आणली, आणि गिअर टाकायला न शिकलेल्या लाखो माणसांना वाहन मिळालं. शिक्षिका, दूधवाले, विमा एजंट. १९८४मध्ये होंडाबरोबर भागीदारी झाली आणि त्यातून आलेल्या स्कूटरलाही गिअर नव्हता. गंमत अशी की नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात आज दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअर आणि शाफ्ट बनतात. आणि २०२४मध्ये फिरोदियांच्याच दुसऱ्या कंपनीने लुना पुन्हा आणली, विजेची. तिला गिअर नाही, क्लच नाही, बुश जाऊन चुकीचं काही पडण्याची सोयच नाही. ती चांगली गाडी आहे. फक्त तिच्यापाशी संध्याकाळी पाना घेऊन बसावं असं काही उरलेलं नाही.

संग्रहालय

१९९४पासून नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती मोटार तिथे आहे, दोन्ही महायुद्धांमधले रणगाडे आहेत, पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन आहेत. शाळांच्या सहली येतात, मुलं तोफेच्या नळीखाली फोटो काढतात. सगळं रंगवलेलं, स्वच्छ. यातल्या बहुतेकांचा गिअर कित्येक दशकांत कोणी टाकलेला नसेल, म्हणून त्यांच्यातलं काही झिजत नाही आणि काही बदलावंही लागत नाही. वस्तू जतन करायचा हा एक मार्ग आहे. दारातल्या फियाटला तो लागू पडत नाही, कारण तिला रविवारी भाजी आणायला जायचं असतं.

तीन अक्षरी नंबर

एमएच-१६च्या आधीचे, जिल्ह्याचा आकडा नसलेले, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे चार आकडे असे नंबर. १९८९नंतर नवे मिळाले नाहीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, शिवाय हरित कर. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि नंतर आणखी वाढलं. २०२१च्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिन्टेज म्हणून वेगळी नोंद आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली पद्मिनी आता निवड करू शकते: मान घ्यावा की भाजी आणावी.

असेंब्ली

नव्या गाडीचा दांडा सैल झाला तर सर्व्हिस सेंटर बुश बदलत नाही. दांडा, केबल आणि खालचा साचा मिळून एकच भाग असतो. त्याला असेंब्ली म्हणतात आणि ती पूर्ण बदलतात. कामगाराचा वेळ वाचतो, वॉरंटी देता येते, काम बिनचूक होतं. हे सगळं खरं आहे. पण झिजला असतो त्यातला एक प्लास्टिकचा कप, आणि टाकून दिली जाते सगळी जोडणी. स्वस्त भागाने आधी जायचं आणि महागाचा वाचवायचा, हा करार त्यात मोडला. स्वस्त भाग आता महागाच्या पोटातच शिवलेला असतो, म्हणजे गेले तर दोघं बरोबर.

हाताखालचा पोऱ्या

पाने हातात देणारा, चहा आणणारा, रॉकेलची परात ओतणारा. पगार थोडा, शिव्या जास्त, आणि त्याचं शाळेत असायचं वय. तो गॅरेजमधून गेला हे चांगलंच झालं, यात शंका नको. त्याच्या जागी आयटीआयचा मुलगा आला. त्याला सेन्सर कळतात, स्कॅनर कळतो. बोटाने प्ले ओळखायला त्याला कोणी सांगितलेलं नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांत बोट घालण्याजोगी जागा नसते. शिकायला त्याला एक रविवार पुरेल. बोलवायला मात्र कोणीतरी हवं.

उरलेलं

यातल्या वस्तूंपैकी कुठलीच अशी नाही जी पुन्हा करता येणार नाही. बुश आजही घडतो. लेथ, धातू, पिन आणि माप एवढंच लागतं. अवघड झालं आहे ते माप. झिजलेल्या वस्तूवरून नव्याचं माप सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि कंपनीने ते कधी सर्वांना दिलं नव्हतं. त्यामुळे ज्याने ज्याने हे काम घरी केलं आहे, त्याने बसवलेल्या प्रत्येक बुशचं आतलं माप, बाहेरचं माप, उंची आणि धातू एका वहीत लिहून ठेवावं. नव्या बुशवरून घेतलेलं माप, जुन्यावरून नव्हे. गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात, त्यांवर इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो. वही त्यांच्याबरोबर द्यावी, आणि तिच्या पहिल्या पानावर लेथवाल्याचा फोन नंबर लिहावा. तो उचलतो का, हे व्यवहार होण्याआधी बघून घ्यावं.